एवढीच दाढी ठेवायची

सुभाषचा फोन आला तेव्हा मी हैदराबादजवळच्या एका स्टुडिओत, कपडेपटाच्या खोलीत बसून एका नव्या सदऱ्याला मुद्दाम जुनी गुंडी लावत होते. सुभाष म्हणजे दौलततात्यांचा पुतण्या. "मंगलताई, तात्या गेले. सकाळी चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि तसेच मागं टेकले," एवढं सांगून तो थांबला. मला वाटलं रडतोय. पण त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं हे त्याला कळत नव्हतं. "अंघोळ घालायची हाय. पावणं म्हणत्यात दाढी काढून घ्या, तोंड कसं स्वच्छ दिसंल. पर मेहबूबभाई वस्तरा लावायला तयार न्हाईत. मंगलताईला विचारल्याशिवाय मी हात लावणार न्हाई म्हणत्यात. काय करू?" मेहबूबभाई म्हणजे तात्यांचे न्हावी आणि जुने दोस्त. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या त्या लहानशा अंगणात माणसं खोळंबली होती आणि इतक्या लांबून मी सांगायचं होतं की त्या माणसानं जाताना कसं दिसायचं. मी म्हणाले, "असू दे. तशीच ठेवा." सुभाषनं बरं म्हणून फोन ठेवला. माझ्या त्या उत्तरामागं काय होतं हे त्या अंगणात कुणालाच माहीत नव्हतं... ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले आहे.

तात्यांचं नाव तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. चेहरा मात्र पाहिलेला असणार. जुन्या मराठी चित्रपटात पाटलाच्या मागं काठी घेऊन उभा राहणारा, घोड्यावरून पडणारा, किल्ल्याच्या दारात सगळ्यांत आधी मरणारा जो उंच माणूस असतो, तो कितीतरी वेळा आमचे तात्या असायचे. त्यांचे वडील एका नाटक कंपनीत पडदे ओढत. त्यांच्याबरोबर गावोगाव फिरता फिरता तात्या नवव्या वर्षी लुगडं नेसून नायिकेच्या सखीचं काम करू लागले. "आवाज फुटला आणि सखीची दासी झाली, मिसरूड फुटली आणि दासीचा भालदार झाला," असं ते सांगायचे. शाळा अशी त्यांनी पाहिलीच नाही. अक्षरं शिकले ती नकलेवरून. नक्कल म्हणजे नाटकातली फक्त आपल्या वाट्याची वाक्यं उतरवून काढलेली वही. पुढे कंपनी मोडली आणि तात्या कोल्हापुरातल्या स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. घोड्यावर बसता येतं का म्हणून विचारलं तर हो म्हणाले, तोवर ते घोड्याच्या टांग्यातसुद्धा बसलेले नव्हते. पडले ते इतकं झकास पडले की तेच काम पक्कं झालं. मरण्याचा त्यांना मोठा अभिमान होता. "दिग्दर्शक म्हणायचा, दौलतराव, जरा लवकर मरा. मी म्हणायचो, साहेब, कोंबडं मरतंय लवकर. माणसाला दोन मिनटं लागत्यात." सिनेमावाले मुंबईला गेले तेव्हा तेही एकदा जाऊन आले. का परतलात विचारलं तर म्हणायचे, "तिथं मला कोण मारंचना." मग साखर कारखान्याच्या फाटकावर नोकरी, यात्रांमधून नाटकं, आणि म्हातारपणी पुन्हा कोल्हापुरात मालिकांची कामं सुरू झाली तेव्हा कुणाचे तरी आजोबा.

मी त्यांना भेटले ती याच आजोबांच्या काळात. आठवीत शाळा सुटली होती, बावड्यात एका खोलीत शिलाई मशीन टाकून मी ब्लाऊज शिवत होते. एक दिवस हे दारात उभे, हातात बाराबंदी. "बंद तुटल्यात बाई. लावून दे. आणि आतनं जरा उसव, मी माणूस हाय, शेवगा न्हवं." मी बंद लावले, वर काखेतली शिवण दिसणार नाही अशी फिरवून दिली. ते बराच वेळ ती शिवण उलटीपालटी करून बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी मला शूटिंगवर घेऊन गेले. तिथं कपडेपटात, कुठला नट कुठल्या प्रसंगात कसा दिसत होता याचे सगळे इंग्रजी कागद भरत. मी हळूच दाराकडं सरकले. तात्या म्हणाले, "चित्र काढता येतंय न्हवं? मग चित्र काढ." त्यांनीच मला दोनशे पानी वही आणून दिली. प्रत्येक नटाला एक पान, वर त्याचा चेहरा, दाढी केवढी, मुंडासं कुठं कललेलं, कुठली बाही दुमडलेली. खाली मराठीत दोन ओळी. आणि एक नियम त्यांनी तेव्हाच घालून दिला. "नटाचं काम संपलं की पानावर 'मोकळे' असं लिहायचं, आणि त्याला तोंडानं सांगायचं. न्हाईतर तो बिचारा म्हैनाभर दाढी घेऊन गावात हिंडतोय आणि बायको घरात घेत न्हाई."

आता माझी पहिली चूक. उचगावच्या एका शेतात तात्यांना चिखलात ढकलल्याचा प्रसंग होता, निम्मा त्या दिवशी चित्रित झाला, निम्मा दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. मी आईनं लावलेल्या सवयीनं तो सदरा घरी नेला, धुतला, नीळ घातली आणि कडक इस्त्री करून आणला. असला चमकता सदरा बघून माझ्या लक्षात आलं काय केलंय ते. आता सगळ्यांसमोर विचारणार, कुणी नेमलं हिला, किती शिकली आहे... तात्यांनी सदरा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, अंगात घातला आणि चहा पीत पीत बांधाकडे चालत गेले. पाणी सोडलेल्या सरीत त्यांनी अशी काही लोळण घेतली की दोन माणसं धावली. दिग्दर्शक ओरडला, तात्या, काय हे? "पाय घसरला साहेब. वय झालंय. नवा सदरा मळवला बघा मी." मग मला हळूच म्हणाले, "पाठीवर डाग डावीकडं होता का उजवीकडं? वही बघ." त्या वयात त्यांचा गुडघा पंधरा दिवस सुजलेला होता. ते माझ्यासाठी चिखलात पडले हे त्यांनी कुणाला, मेहबूबभाईंनासुद्धा सांगितलं नाही. त्यानंतर कपड्यांच्या कामात माझ्या हातून चूक झाली नाही. त्याच वहीच्या जोरावर मी हैदराबादला आले. इथं अजूनही कुणी इंग्रजी कागद पुढे केला की मी गोंधळते, पण वही उघडली की सावरते.

मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गावी होते. हैदराबादच्या ओळखीतले एक दिग्दर्शक गगनबावड्याला पावसात चित्रपट करणार होते, त्यांना घाटातल्या गावचा एक म्हातारा हवा होता. धरणात गाव जाणार, अधिकारी उठवायला आलेत आणि हा म्हातारा त्यांच्यासमोर उभा राहून बोलतो. दोन पानं सलग. मी तात्यांचं नाव सुचवलं. आयुष्यभर सिनेमात "जी सरकार" म्हणून मरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा दोन पानं मिळणार होती. भेटायला गेलो तेव्हा तात्यांची सात-आठ दिवसांची दाढी वाढलेली. सहायक दिग्दर्शकानं फोटो काढला, तिथंच छापून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "बस, एवढीच दाढी ठेवायची. कमी नाही, जास्त नाही." मी वहीत पान केलं, चेहरा काढला, दाढी केवढी ते लिहिलं. रिक्षात तात्या त्यांना दिलेली संवादाची दोन पानं मांडीवर घेऊन वाचत होते; एक प्रत माझ्याकडंही होती. मग म्हणाले, "मंगल, यात मी मरत न्हाई गं."

तात्यांनी मोबाइल कधी ठेवला नाही. "आम्हाला तिसरी घंटा तेवढी ठाऊक. ती झाली की पडदा वर. बाकीच्या घंट्या कशाला?" म्हणून संपर्काला माझा नंबर दिला होता. मी इकडे परत आल्यावर महिन्याभरात त्या सहायक दिग्दर्शकाचा फोन आला. तो मुलगा चांगला बोलला. "मॅडम, सरांना तात्याच हवेत. पण सलग एका शॉटमध्ये घ्यायचंय, पावसात, वर माणसं खूप. पाठांतर राहील ना? तुमच्याच शब्दावर घेतोय." तुमच्याच शब्दावर... त्या दोन शब्दांनी माझं काय झालं ते मी अजून विसरलेले नाही. मी गावाहून निघायच्या आदल्या दिवशी तात्यांनी मला तीनदा विचारलं होतं, चहा घेतलास का? दोनदा मी हसून उत्तर दिलं होतं, तिसऱ्यांदा घाबरले होते. मी म्हणाले, "नाही जमणार हो. आता विसरतात ते. तब्येतही बरी नसते." तो म्हणाला, "मग तुम्ही कळवाल ना त्यांना?" मी म्हणाले, "हो."

पावसात त्यांचे हाल होतील म्हणून नाही म्हटलं, असं मी स्वतःला किती तरी दिवस सांगत होते. ते पुरतं खरं नाही. ते अडखळले असते तर लोक माझ्याकडे बघतील, हिनं आणला हा माणूस, हिला काय कळतं, असं म्हणतील, याची मला भीती वाटली. माझ्यासाठी जो माणूस चिखलात लोळला, त्याच्यासाठी मला चारचौघांत मान खाली घालायची तयारी नव्हती. आणि हे त्यांना सांगायचं म्हणजे मीच नाही म्हटलं हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी कळवलं नाही.

दर रविवारी सुभाषच्या फोनवरून आम्ही बोलायचो. "काय गं, त्या लोकांचा निरोप?" मी म्हणायचे, पाऊस लांबलाय तात्या. मग पाऊस आला, कोसळला, गेला. मी म्हणाले, ते आता पुढच्या पावसाळ्यात घेणार आहेत. तात्या म्हणाले, "ब्येस झालं. पाठांतराला येळ मिळाला." आणि त्याच रविवारी त्यांनी मला ती दोन पानं फोनवर म्हणून दाखवली. घरात बोलतात तो आवाज नव्हता तो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला बसल्या जागी ऐकू जावा असा, आणि तरी हळू. "साहेब, तुमच्या नकाशात माझं घर न्हाई, पर माझ्या घरातनं तुमचा नकाशा दिसतोय..." मधे एकदा थांबले. मला वाटलं, विसरले. मनात, देवा, खरं सांगते, मला बरं वाटलं... मग ते म्हणाले, "हितं पाऊस वाढतोय असं लिवलंय, म्हणून थांबलो," आणि पुढं सुरू झाले. एक शब्द कुठं घसरला नाही. शेवटी विचारलं, "कागद हाय न्हवं तुझ्याकडं? काय चुकलं का बघ." मी म्हणाले, "काही नाही चुकलं तात्या." तेव्हा सांगता आलं असतं. तोवर दुसऱ्या कुणाला तरी घेऊन ते चित्रण कधीच होऊन गेलं होतं.

तेराव्याला मला रजा मिळाली नाही, तीन आठवड्यांनी गेले. तात्यांची खोली तशीच होती. खुंटीला टोपी, खिडकीत तांब्या, भिंतीवर हातभर आरसा आणि आरशाच्या कोपऱ्यात पिठाच्या खळीनं चिकटवलेला तो फोटो. सोमवार होता, म्हणजे केशकर्तनालयं बंद, म्हणून मेहबूबभाई घरी आले. तात्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त. म्हणाले, "आमचा सोमवारच होता ठरलेला. दर सोमवारी. ही खुर्ची हितं, ते बसणार, फोटो बघणार, मग आरसा बघणार. डावीकडं जरा जास्त हाय बघ म्हणायचे. मी म्हणायचो, तात्या, फोटोत ऊन डावीकडनं हाय. ते म्हणायचे, तू हज्जाम हाईस का वकील?" मेहबूबभाई हसले आणि त्यांनी खुर्चीची पाठ हातानं पुसली. माझा हिशेब चुकत नसेल तर अकरा महिने, दर सोमवारी, त्या दाढीला कात्री लागत होती. वाढू द्यायची नाही, काढायची नाही... फोटोतल्याइतकीच.

मी विचारलं, "भाई, त्यांना कधी शंका आली नाही?"

"मला आलती की. एकदा म्हणलो, तात्या, एवढा येळ लागतोय व्हय पिक्चरला? ती लोकं इसरली असतील. तर माझ्यावरच उखडले. मंगलनं सांगितलंय न्हवं, म्हणाले. तिच्या कामात चूक नसती. मोकळं केलं असतं तर ती बोलली असती."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. फोन कुणाचा आला, मी काय म्हणाले, का म्हणाले. माझं संपल्यावर त्यांनी टोपी नीट केली. "मला सांगून काय उपेग, ताई," म्हणाले. रागानं नाही म्हणाले. मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, "त्या दिवशी वस्तरा घेऊन उभा होतो मी. तू काढा म्हणली असतीस तर काढली असती." आणि चप्पल घालून गेले.

फोटो मी आणला नाही. तो आरशावरच आहे, सुभाषला तसं सांगून आले. माझ्याकडे वही आहे. इथं रोज कुणाचं ना कुणाचं काम संपतं, मी पान काढते, 'मोकळे' लिहिते आणि उठून त्या माणसाला शोधून तोंडानं सांगून येते. परवा एका म्हाताऱ्या तेलुगू नटाला हातवारे करून सांगितलं, तर त्यानं लगेच स्वतःच्या दाढीवरून हात फिरवला आणि नमस्कार केला. खोलीत परत येऊन मी तात्यांचं पान उघडलं. चेहरा, दाढी केवढी, मुंडासं कुठं कललेलं, सगळं जिथल्या तिथं. खाली जागा आहे. पेन टेकवलं आणि तसंच उचललं. लिहायला काय, एकच शब्द आहे... पण तो लिहिला की उठून तोंडानं सांगायला जायचं असतं.