मायचं जेवण वसूल होत नाही म्हणे

उन्हाळा लागला आणि आमच्या नात्यातलं कोणी त्या वॉटर पार्कला निघालं, की हटकून मला विचारतं, "तिथलं जेवनाचं आधीच भरून टाकावं काय? परवडते काय थे?" मी तिथे एकदाच गेलेली आहे. पण मी तिथे केलेल्या भांडणाची बातमी रिसोडपासून आसेगावपर्यंत पोचली, त्यामुळे या विषयातली जाणकार मीच ठरले. मी सांगते, भरा. डोळे झाकून भरा. भाऊ जवळपास बसलेला असला तर जरा मोठ्याने सांगते.

भावाचं म्हणणं, मी चारचौघांत त्याचा पाणउतारा केला. केला. ते मी कधी नाकारलं नाही आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

माझं माहेर रिसोडच्या शिवेला लागून. घरचा मळा आहे. वांगी, मिरची, ढेमसं, पालक, असं रोज काही ना काही बाजारात जातं. सासर आसेगावला. तिथे मी घरीच ब्लाउज शिवते, म्हणून माझे चार पैसे माझ्या हाताशी असतात. त्या वर्षी मे महिन्यात मी माहेरी गेले होते. भावाची दोन्ही पोरं वॉटर पार्कसाठी त्याच्या मागे हात धुऊन लागली होती. शेवटी तो कबूल झाला. बाबा, माय, भाऊ, वहिनी, दोन पोरं आणि मी, सगळ्यांनी भाड्याची जीप करून जायचं ठरलं.

भाऊ मोबाइलवर तिकिटं काढत बसला होता. तिथे जेवणाचीही सोय आधी पैसे भरून घेता येत होती. मनगटाला एक कागदी पट्टा बांधतात, मग सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण आणि चारचा चहा-भजी, जेवढं खाल तेवढं. बाबांना हे काही पटेना. ते म्हणाले, "एवढ्या पैशात आपल्या इथं पंगत उठते." भावाने त्यांना समजावलं, आत एकेक प्लेट विकत घेतली तर याच्या वर जातं. मग तो कोणाचं कसं वसूल होईल ते सांगत सुटला. बाबांचं दुपारच्या जेवणातच वसूल. पोरांचं आइस्क्रीममध्ये. वहिनीला भजी आवडतात, तिचं चार वाजता. माझ्याबद्दल तर त्याला शंकाच नव्हती. आम्ही हसत होतो. माय तिथेच कणीक मळत होती, तीही हसत होती.

आमच्या घरी पोळ्या करायच्या असल्या की माय विचारते, किती जणं आहेत. ते बाकीच्यांपुरतं विचारलेलं असतं. त्यात ती स्वतःला धरत नाही, आणि आम्हीही उत्तर देताना तिला धरत नाही. आधी बाबा आणि भाऊ बसतात, मग पोरं, मग पाहुणा असेल तर पाहुणा, मग मी माहेरवाशीण म्हणून, मग वहिनी. सगळ्यांचं झालं, ताटं उचलली, की माय स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसते आणि जे असेल ते खाते. कोणी तिला छळतं असं समजू नका. बाबांनी तिला कधी जेवू नको म्हटलं नाही. ती रोज जेवते, फक्त ते कोणी बघत नाही.

तर भावाने मोबाइलवर आत जायची तिकिटं सातांची काढली आणि जेवण सहांचं घेतलं. त्यात त्याला काही वावगंही वाटलं नाही. सांगायचं सुद्धा त्याच्या मनात आलं नाही.

आम्ही अंधारातच निघालो. मायने त्याच्याही आधी उठून तिखटमिठाच्या पुऱ्या, आलूची कोरडी भाजी आणि ठेचा बांधून घेतला होता. जेवणाचे पैसे भरले असले तरी रस्त्यात लागतं, असं तिचं म्हणणं. रस्त्यात पोरं झोपली आणि कोणालाच काही लागलं नाही. पार्कच्या फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी उघडून बघितली आणि बाजूच्या खोलीत ठेवून घेतली. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, जाताना घेऊन जा म्हणाला. मायने पिशवीचं तोंड पुन्हा नीट बांधून दिलं.

आत एक मुलगी टेबलाशी बसून पट्टे बांधत होती. पोरांचे झाले, बाबांचा झाला, भाऊ-वहिनीचा झाला, माझा झाला. माझ्या मागे माय उभी होती. सगळ्यांना बांधतात तर आपल्यालाही बांधणार, असं समजून तिने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात पुढे केला. मुलीने यादी बघितली आणि म्हणाली, "यांचं नाहीये." मायने हात मागे घेतला, बांगड्या खाली सोडल्या आणि हात पदराखाली नेला.

मी भावाकडे बघितलं. तो सहज म्हणाला, "मायचं घेतलं नाई. थे किती खाते? आपल्यातलंच खाईन."

मलाही तेव्हा वाटलं, खरंच आपल्यातलं देऊ. नाश्त्याच्या हॉलपाशी गेलो तर दारावरच्या माणसाने मायला अडवलं. पट्टा नाही, तर आत नाही. ती तर तयारच होती. म्हणाली, "तुमी खाऊन घ्या, मी सामानापाशी बसते," आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसली. मी आत जाऊन पोह्यांची प्लेट भरली आणि तिच्यासाठी बाहेर घेऊन निघाले. त्या माणसाने मला दारातच थांबवलं. ज्याचा पट्टा त्यानेच खायचं, आणि आत बसूनच खायचं. त्याची काही चूक नव्हती, तो त्याचं काम करत होता. मी प्लेट तिथल्या टेबलावर ठेवून बाहेर आले. माय मांडीवर पोरांचे टॉवेल घेऊन बसली होती. घरून निघताना घेतलेल्या चहावर होती ती. जेवण संध्याकाळी फाटकाबाहेर पडल्यावर मिळणार होतं, तेही सकाळच्या थंड पुऱ्यांचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊ तोंड पुसत बाहेर आला, मागोमाग बाकीचेही आले. मी विचारलं, "दादा, तू सहाच्या जागी सात काहून नाई घेतले?"

"अवं, वसूल व्हायला पायजे न. मायचं काय वसूल होते? दोन पोळ्या खाते थे."

"दोन खाते हे तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? मले माहीत नाई काय?"

"तू तिले जेवताना पाह्यलं काय कधी?"

बाजूने ओले लोक चालले होते, तेही बघायला लागले. मी आवाज खाली केला नाही. "सांग न दादा. कधी पाह्यलं? थे बसते तेव्हा तू कुठं राह्यतं?"

भावाने वहिनीकडे बघितलं. वहिनी पोरांच्या चपला बघत होती. बाबा म्हणाले, "एवढं कायले वाढवता? तिले बाहेरून समोसा घेऊन द्या." भावाला तेच हवं होतं. समोशाचं दुकान जवळच होतं, तो लगेच खिशात हात घालून निघालासुद्धा.

समोशाला माझा विरोध नाही. मला आवडतो. पण आम्ही सगळे आत पंख्याखाली खुर्चीवर बसणार आणि माय बाहेर सामान राखत कागदातला समोसा खाणार, हे मला चालणार नव्हतं. मी म्हटलं, "माय आत बसन. आपल्या संगं बसन. नाई तर मीबी बाहेर."

माय आता खरोखर घाबरली. "काहून भांडता लोकायत? मले भूकच नाई वं माय." भूक नाही हे ती इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हणाली आहे, की तिलाही ते खरं वाटत असेल.

मी तडक त्या पट्ट्यांच्या टेबलाकडे गेले. मुलगी भली होती. तिने आधीच सांगितलं, मोबाइलवर घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं, इथे जास्त लागतात. शिवाय नाश्त्याची वेळ संपली आहे, पण पैसे पूर्ण दिवसाचेच घ्यावे लागतील. भाऊ माझ्या मागोमाग आला होता. तो म्हणाला, "पाह्य. याले काही अर्थ हाय काय? गेलेल्या नाश्त्याचे पैसे कायले देऊन राह्यली तू?"

हिशेबाने पाहिलं तर तो बरोबर होता. मी त्याला तसं सांगितलंही. सांगितलं, की तुझा हिशेब बरोबर आहे, आता बाजूला हो. आणि ब्लाउज शिवून मिळवलेल्या पैशांतून पट्टा घेतला.

मायला बोलावलं तर ती येईना. हाताला धरून आणली. मुलीने पट्टा बांधताना बांगड्या वर धरायला सांगितल्या, तर माय म्हणते, "वापस होते काय हे?" मुलगी म्हणाली, एकदा बांधला की परत होत नाही. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. नाही तर मायने दुपारपर्यंत तो नक्की परत केला असता.

पोरं आणि भाऊ पाण्यात खेळून आले. माझं आणि भावाचं तोवर बोलणं बंद होतं. दुपारी सगळे जेवायच्या हॉलमध्ये गेलो. दारावर तोच माणूस होता. मायने स्वतःहून हात पुढे केला आणि आत आली.

पण पट्टा बांधला म्हणून सवय सुटते थोडीच. ताट हातात आल्याबरोबर माय बाबांसाठी वाढून घ्यायला लागली. पनीरची भाजी किती घेऊ, भात घेऊ का, असं तिथूनच ओरडून विचारत होती. वाढणाऱ्याने हिंदीत सांगितलं, माताजी, ज्याचं त्याने घ्यायचं. मग ती रांगेच्या शेवटी जायला निघाली. मी तिला खांद्याला धरून माझ्या पुढे उभं केलं. कढईतून काढलेल्या पुऱ्या फुगलेल्या तशाच ताटात पडत होत्या. तिने एकच घेतली, मी आणखी दोन ठेवल्या. वरण, भात, भाजी, गुलाबजाम. खुर्चीवर बसली तर हात मांडीवर ठेवून आमच्याकडे बघत राहिली. कोणाला काय कमी पडतं ते बघत होती.

"जेव न माय," मी म्हटलं. मी जरा दरडावूनच म्हटलं.

तिने पुरीचा मोठा तुकडा मोडला, वाटीतली भाजी चांगली भरून घेतली आणि तोंडात घातली. आणि एकदम तोंडावर हात नेला. डोळ्यांत पाणी आलं. आधी मला वाटलं ठसका लागला, किंवा रडायला लागली. पण तिचं तोंड पोळलं होतं. घास बाहेर टाकायची लाज, म्हणून तसाच गिळला.

"लय गरम हाय," ती म्हणाली आणि हसली. "मले अंदाजच नाई आला."

जन्मभर चुलीपुढे बसलेली बाई. आमच्या ताटात तव्यावरची पोळी टाकणारी, पोरांचे घास फुंकून देणारी. तिला गरम घास खायचा अंदाज नव्हता. बाबांनी आपला पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. भावाचा हात ताटात तसाच थांबला होता. मला त्याला खूप काही बोलायचं होतं, सकाळपासून तयारच होतं माझ्या जिभेवर, पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं.

माय मात्र सावरली. तिने पुढचा घास लहान घेतला, जरा थांबून खाल्ला. वरणाला फोडणी चांगली आहे म्हणाली. गुलाबजाम अर्धा खाऊन नातवाला द्यायला निघाली, पण तो आधीच दोन खाऊन बसला होता, मग तिनेच संपवला.

आम्हा बाकीच्यांचं आटोपलं होतं. तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. तिथे एक मोठा तलाव आहे, त्यात ठरावीक वेळेलाच लाटा सोडतात, आणि त्याआधी भोंगा देतात. हॉलमध्ये एकच गडबड उडाली. पोरं खुर्च्यांवरून उड्या मारून पळायला लागली. वहिनी उठली. बाबा धोतर सावरत उठले. भाऊ उभा राहून म्हणाला, "चला, चला, लाटा सुरू होतीन."

घरी असं झालं की माय आपलं ताट झाकून ठेवते आणि उठते. मी तिच्याकडे बघितलं. तिने भावाकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "थांबा. माहं जेवन व्हायचं हाय."

भाऊ खाली बसला. त्याने दोन्ही पोरांना हाताला धरून बसवलं. बाबा बसले, वहिनी बसली. बाहेर लाटा सुरू झाल्याचा गलका ऐकू येत होता. आम्ही सहाही जण मायला जेवताना बघत बसलो, आणि तिने काही घाई केली नाही. भात संपला तशी ती उठली, एकटी रांगेत गेली, आणखी एक गरम पुरी घेऊन आली आणि कोणाला देऊ का म्हणून न विचारता खायला लागली.