उताऱ्याखालचा शेवटचा प्रश्न

माझ्या धाकट्या भावाची मुलगी नववीला नांदेडला माझ्याकडं शिकायला आली. पाठांतर असं पक्कं की विचारू नका. सिमिली म्हणजे काय, मेटाफर म्हणजे काय, पाढे म्हणावेत तसं धडाधडा म्हणायची. तरी पहिल्याच चाचणीत इंग्रजीत नापास झाली. भावाचा हदगावहून फोन आला, "अक्का, पुढच्या टायमाला पास झाली तर बघू. न्हाईतर घेऊन जातो. हितल्या शाळेत जागा हाय."

मी शाळेतून निवृत्त झालेली, एकटी बाई. ती आल्यापासून घराला घरपण आलं होतं. शिवाय पोरगी हुशार आहे. मी कंबर कसली.

आधी काव्यातले अलंकार घेतले. व्याख्या येते, पण कवितेत तो अलंकार सापडत नाही, असं तिचं होतं. मी विचारलं, "तुझी आई भाकरी टाकताना तव्याला काय म्हणते?"

"तापला का रे राजा, म्हणती."

"मग तवा काय राजा आहे? तो ऐकतो? हेच पर्सोनिफिकेशन. आणि तुझा बाप 'हजारदा सांगितलं' म्हणतो, ते?"

"हायपरबोली! अतिशयोक्ती!" ती टुणकन उठूनच बसली. "बाबा तर दिवसभर तेच करतेत!" त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी भावाच्या बोलण्याची यथेच्छ चिरफाड केली. मजा आली.

अडलं ते उताऱ्यापाशी. एका मुलीला बक्षीस मिळतं, सायकल किंवा सहल यांतलं एक तिनं निवडायचं, असा साधा उतारा होता. हिनं सगळी उत्तरं बरोबर लिहिली आणि शेवटचा प्रश्न कोरा सोडला. तू तिच्या जागी असतीस तर काय निवडलं असतंस आणि का, एवढाच तो प्रश्न.

"हे का सोडलंस?"

"ह्याचं उत्तर उताऱ्यात न्हाई, आत्या."

"अगं, ते तुझ्या डोक्यात आहे."

तिनं बराच वेळ विचार केला. मग हळूच म्हणाली, "बाबांना फोन लावून इचारू का?"

मी तापट आहे, आमच्या गल्लीतला भाजीवालासुद्धा मला वचकून असतो. मी ओरडलेच, "अगं भवाने, सायकल कागदावरची आहे! कागदावरची सायकल घ्यायलाही बाप लागतो तुला?"

तिचे डोळे भरले. "पण घरी तेच ठरवतेत ना सगळं," म्हणाली.

खोटं कुठं बोलत होती ती? मला तरी कुणी विचारलं होतं? डी.एड.ला जा म्हणाले, गेले. हा मुलगा बघ म्हणाले, बघितला. आमच्याकडं शहाण्या मुलीची खूणच ही, विचारलं की खाली बघायचं आणि "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचं. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या मागंच लागले. "नाश्त्याला पोहे करू की चुरमुऱ्यांचा सुशीला?"

"काहीबी चालतंय."

"'काहीबी' शिजत नाही या घरात. एक सांग, आणि का तेही सांग."

पहिले काही दिवस ती रडकुंडीला यायची. दोन्ही बरं म्हणायची, तुला काय आवडतं म्हणायची. मी चहाचा कप हातात घेऊन उभीच. मग एकदा जेवताना स्वतःहून म्हणाली, "वरणात मीठ लई झालंय, कारण तू चिडलीस की दोनदा टाकतीस." राग तर आलाच, पण आनंद इतका झाला की सांगता सोय नाही.

चाचणी झाली. पोरगी पास झाली, चांगली पास झाली. शेवटचा प्रश्नही तिनं लिहिला होता. इंग्रजी मोडकं, पण सगळं तिचं स्वतःचं.

मी पेढे आणून ठेवले आणि रविवारी भाऊ आला तो रिकामी बॅग घेऊन. पेढा खाल्ला, पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शाब्बास. पण अक्का, तिकडं दाखल्याचं बोलून ठेवलंय म्या. पोरीला हितं करमत नसंल. लेकरू बोलत न्हाई, पण बापाला कळतंय की."

त्याच्या आवाजात माया होती, म्हणूनच जिभेवर आलेलं सगळं गिळून मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. पोरगी बापाच्या हातातल्या बॅगेकडं बघत होती.

"मला करमतंय," ती म्हणाली. "मला हितंच राहायचंय, बाबा."

भाऊ पोरीकडं वळला. "अगं, मग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"तुम्ही इचारलंच न्हाई."

मला वाटलं, आता हा चिडणार, आमच्या घराण्याचाच स्वभाव तो. पण त्यानं बॅग भिंतीला लावून ठेवली, खाली बसला आणि तिलाही शेजारी बसवलं.

"बरं, आता इचारतो," तो म्हणाला. "का राहायचंय, ते सांग मला."

आणि बापाच्या डोळ्यांत बघून पोरगी बोलायला लागली.