आक्का, मी आणि मुखेडपुढचा गुंडा

मागच्या उन्हाळ्यात माझं गर्भाशय काढलं. घरी सोडताना डॉक्टरांनी जड उचलू नका, जिने कमी चढा, तिखट बेतानं खा असं सांगितलं. दगडावर चढू नका असं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मुखेडच्या पुढे, देगलूरच्या अंगाला माझं आजोळ. तिथे शेतांच्या मधोमध तीन प्रचंड दगड एकावर एक बसलेले आहेत. तिकडे अशा गोल दगडाला गुंडा म्हणतात. शब्द बहुतेक तेलुगूतून आला असावा. मी राहते त्या लातूरला मात्र गुंडा म्हणजे वेगळा माणूस. त्यामुळे "रविवारी गुंड्यावर चढायला चाललेय" म्हटल्यावर आमच्या ऑफिसात सगळ्यांनी कामातून माना वर केल्या.

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी मामे-मावस भावंडं गुंड्यावर जायचो. म्हणजे मुलं जायची. मुलींनी खाली बसून चपला राखायच्या असा नियम होता. तो कोणी केला ते आठवत नाही. मिलिंददादा, माझा थोरला मामेभाऊ, तासाभरानं खाली येऊन सांगायचा की वरून तेलंगण दिसतं. मी आणि माझी मावसबहीण मंगल तोंड उघडं टाकून ऐकायचो. ऑपरेशननंतर महिनाभर छताकडे बघत पडले होते, तेव्हा मला सारखा तो गुंडा दिसायचा. त्याच वेळी ठरवलं.

सोबत कोण? नवऱ्याचा गुडघा. मुलगी परीक्षेत. राहिली आक्का. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. नांदेडला शिक्षिका होती, आता निवृत्त, एकटीच असते. माझ्या ऑपरेशनला म्हणून महिनाभरासाठी आली ती थंडी आली तरी आमच्याकडेच होती. मला चहाचं पातेलंसुद्धा उचलू द्यायची नाही.

"काहून जायचं?" तिनं विचारलं.

"चढायचंय."

"वर काय हाय?"

"माहीत नाही."

"मग मी येते. पण मी खालीच बसनार."

जानेवारीतल्या रविवारी उजाडताना निघालो. गाडी मी चालवली. जाणाऱ्यांसाठी सांगते: चाकूर, शिरूर ताजबंदपर्यंत रस्ता चांगला. तिथून जांबमार्गे मुखेडला वळलं की मधे मधे रस्ता संपतो आणि पुन्हा सुरू होतो. पेट्रोल शिरूर ताजबंदलाच भरून घ्या. तिथेच गरम सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, खाल्ली, वर शेव, सोबत तळलेली मिरची. चहासकट दोघींचे शंभराच्या आत झाले. मुखेडनंतर काळी जमीन हळूहळू संपते, तांबूस मुरूम लागतो आणि शेतांत मोठाले करडे-गुलाबी दगड दिसायला लागतात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. रील काढणाऱ्यांना अजून ते सापडलेलं नाही.

गुंडा ज्यांच्या शेतात आहे ते गंगाधरराव बांधावरच भेटले. साठीचे, डोक्याला टॉवेल. गाडी त्यांच्या गोठ्याजवळ लावू दिली.

"लई सोपं हाय बाई," ते म्हणाले. "लेकरं पळत जातेत. ह्या बाजूनं जा, मधल्या भेगंत पाय घाला, का झालं."

गोठ्यातून त्यांच्या बायकोनं आवाज दिला, "तुमी कवा गेलताव वर?"

गंगाधररावांनी डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधला. "मी न्हाई गेलो," ते म्हणाले. "पर सोपं हाय."

खालचा दगड खरंच सोपा आहे. उतरता आहे आणि बूट चांगले धरतो. (खरखरीत तळाचे बूट घाला. चपलेचं काम नाही.) त्याच्या माथ्यावर मधला दगड बसलाय. त्या दोघांमधल्या भेगेत पाय अडकवत, बाहेर आलेल्या एका टोकाला धरून मी मधल्यावर आले. श्वास फुलला होता. पोटावर हात ठेवून बघितला, काही दुखत नव्हतं. शेवटचा दगड माझ्यापेक्षा थोडा उंच. कोपरं टेकवली, गुडघा टाकला, आणि फारशी शोभा न राखता वर सरपटले.

वर एक बैलगाडी उभी राहील एवढी सपाट जागा आहे. वारा आहे. खाली हरभरा, तूर, लांब एक तळं, त्याच्या पलीकडे रस्ता. तेलंगण दिसतं की नाही ते सांगता येत नाही, कारण दिसलं तरी ते तेलंगण आहे असं त्यावर लिहिलेलं नाही. मी बसले, आणि मला रडू आलं. का ते मला तेव्हाही कळलं नाही. रेंज चांगली होती म्हणून पुण्याला मिलिंददादाला फोन लावला.

"जय भीम दादा. कुठून बोलतेय ओळख."

"कुठून?"

"गुंड्यावरून. पार वरून."

त्यानं पलीकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "वरून? शाले, वर कसं गेलीस तू?"

"तुम्ही जायचात तसंच."

"अगं, आम्ही कुठं वर जायचो? मधल्या दगडाच्या मागं सावली असते ना, तिथं बोरं खात बसायचो. वर जायला भ्यायचो सगळे."

"आणि तेलंगण?"

"ते मी असंच सांगायचो."

मी फोन ठेवला. राग यायला पाहिजे होता. पण मला हसू फुटलं आणि ते आवरेना. खालून आक्का ओरडली, "काय झालं गं? पडली का?"

पडले नव्हते. पण उतरायला पाय खाली सोडले तेव्हा कळलं की मधला दगड पायांना लागत नाही. चढताना तो जिथे होता तिथे आता नुसती हवा होती. दोनदा प्रयत्न केला, दोनदा वर सरकले. तळव्यांची सालं निघाली. दगड तापत चालला होता. गंगाधरराव "शिडी आनतो" म्हणून गावाकडे गेले. मी वर पालथी पडून राहिले आणि मला खरोखर भीती वाटायला लागली.

थोड्या वेळानं खाली खरखर ऐकू आली. डोकावले तर मधल्या दगडावर आक्का. साडीचा काष्टा मारलेला, पाय अनवाणी.

"आक्का, तुम्ही कशाला आलात?"

"बोलू नको. माझ्या खांद्यावर पाय ठेव."

"असं कसं ठेवू? तुम्ही मोठ्या आहात."

"दवाखान्यात तुझी लघवीची पिशवी मी रिकामी करून राहिले व्हते, तवा मोठी नव्हते का? ठेव पाय."

मी पाय ठेवला. सणासुदीला जिच्या पाया पडते तिच्या खांद्यावर. तिनं माझा घोटा घट्ट धरला आणि हळूहळू खाली बसत गेली. मी मधल्या दगडावर टेकले. तिच्या पोलक्यावर माझ्या बुटाचा पूर्ण ठसा उमटला होता.

मग आक्कानं वर बघितलं.

"आता आलेच हाय तर," ती म्हणाली, "वाक जरा."

मी दगडाला हात टेकून वाकले. ती माझ्या पाठीवरून वर गेली. गंगाधरराव दोन माणसं आणि शिडी घेऊन आले तेव्हा मी मधल्या दगडावर होते आणि आक्का शेंड्यावर मांडी घालून बसली होती.

"वरली खाली अन् खालली वर?" ते म्हणाले. "आता शिडी लावू का नगं?"

"थांबा जरा," आक्का वरून म्हणाली. "बसू द्या."

ती बराच वेळ बसली. कोणी घाई केली नाही. शिडी लावून दोघी उतरल्यावर गोठ्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि त्यांच्या घरचं पिठलं खाल्लं. पैसे विचारले तर गंगाधररावांच्या बायकोनं आक्काकडूनच वरचं सगळं वर्णन दोनदा ऐकून घेतलं आणि फिटलं म्हणून सांगितलं.

अंधार पडता पडता लातूरला आलो. आक्काच्या खांद्याला मी मलम चोळलं. तळवे आठवडाभर झोंबले. एवढ्यासाठी जावं का असं कोणी विचारलं तर जावं असं सांगेन; सोबत मात्र खाली बसणारं माणूस न्यावं.

मला वाटलं होतं, आता आक्का उन्हाळ्यापर्यंत राहील. पुढच्या रविवारी तिनं पिशवी भरली. म्हणाली, "तू बरी झालीस. मी बघितलं." मी राहा म्हटलं. ती नाही म्हणाली.

बसस्टँडवर तिला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारच्या बाईला ती सांगत होती, "ही माझी भावजय. आमी दोघी गुंड्यावर चढून आलो." ती बाई दचकून थोडी बाजूला सरकली. आक्कानं तिला परत जवळ ओढलं आणि हातांनी दाखवायला लागली: एक दगड, त्याच्यावर एक, त्याच्यावर आणखी एक. गाडी हलली. काचेमुळे काही ऐकू येत नव्हतं, पण गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा ती मधल्या भेगेपर्यंत पोचली होती एवढं मला दिसलं.