मास्तरांनी सांगितलं होतं

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. ते शिंपी होते. जिन्याखालचं दुकान, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि एका गिऱ्हाइकापुरती उभी राहायची जागा. दुसरं गिऱ्हाईक आलं की त्याने पायरीवर थांबायचं. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असं लोक म्हणत. माप घेताना माणसं पोट आत ओढून धरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग ते टेप कमरेला लावून हळूच विचारायचे, "काय, मुलगी काय म्हणते?" माणूस बोलायला लागला की पोट आपल्या जागी यायचं. मास्तर तेवढ्यात आकडा लिहून मोकळे.

लहानपणी त्यांचे सांधे सुजून मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना हृदयाच्या एका झडपेची वाट लावून गेला. पुढची चाळीस वर्षं त्याचा पत्ता लागला नाही. बावन्नाव्या वर्षी जिन्याच्या चार पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कळलं. ऑपरेशन झालं, जुनी झडप काढून प्राण्याच्या ऊतींपासून केलेली नवी बसवली. सर्जन मोठा गमत्या माणूस. म्हणाला, "मास्तर, आम्हीही शिंपीच. फक्त आमच्याकडचं कापड अल्टर करायला परत आणायचं नाही."

घरी सोडताना त्याने एक कार्ड दिलं आणि थट्टा बाजूला ठेवून बजावलं, "दाताचं कुठलंही काम करायच्या आधी हे दाखवायचं. तासभर आधी अँटिबायोटिक घ्यायचं. तोंडातले जंतू रक्तात शिरले तर ते या झडपेवर जाऊन बसतात. एकदा बसले की उठवणं महाकठीण." मास्तरांनी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. शर्ट बदलला की कार्डही नव्या खिशात जायचं. सहा वर्षांत एकदाही विसर पडला नाही.

दातांची त्यांना काळजी नव्हती, कारण दातांचा डॉक्टर घरचाच होता. बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणत. आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि बहिणीकडे राहायला आला तो शिक्षण पुरं होईपर्यंत. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. दुकान बंद झालं की बारक्या कापायच्या टेबलावर पुस्तकं पसरून अभ्यास करायचा, आणि सकाळी मास्तरांना कापडात पेन्सिलींची टोकं सापडायची. कॉलेजात लागला तेव्हा त्याचा पहिला पांढरा कोट मास्तरांनी शिवला. बाह्या दोन बोटं लांब ठेवल्या. "अजून वाढशील," म्हणाले. बारक्या हसला होता, "भाऊजी, एकोणिसाव्या वर्षी कोण वाढतं?" दोन गल्ल्या सोडून त्याचा दवाखाना निघाला. चांगला चालला. कोट अजूनही मास्तरच शिवत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तरांची खालची दाढ हलायला लागली, हिरडीही सुजली. बायको त्यांना घेऊन भावाच्या दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं खोळंबलेली. बारक्याने दोघांना आत घेतलं. मास्तर खुर्चीत टेकले आणि त्यांनी खिशातून कार्ड काढलं.

"बारक्या, त्या गोळीचं बघ बाबा. तासभर आधी घ्यायची असते ना?"

"अहो भाऊजी, दाढ नुसती लोंबकळतेय. दोन मिनिटांचं काम. आता तासभर बसवलं तर बाहेरची माणसं माझ्या नावाने शंख करतील."

"मग उद्या येतो."

"उद्या कशाला? काही होत नाही. मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना सगळंच लिहावं लागतं." तो हातमोजे चढवत म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का?"

यावर माणूस काय बोलणार? मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. म्हणाली, "तो डॉक्टर आहे हो. उघडा तोंड."

मास्तरांनी तोंड उघडलं.

दाढ खरंच दोन मिनिटांत निघाली. तीन आठवड्यांनी संध्याकाळची कणकण सुरू झाली. सकाळी माणूस ठणठणीत, चार वाजले की हाडं दुखायला लागायची. बारक्या म्हणाला, साथ आहे. त्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आठवड्याने तो दुप्पट जोराने परत आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा उतार, पुन्हा ताप. दोन महिन्यांत मास्तरांची पँट कमरेत चार बोटं सैल झाली. "दुसऱ्याचं माप चुकलं नाही, स्वतःचं चुकलं," असं म्हणून ते स्वतःच हसले. बायको हसली नाही.

मग एका सकाळी कापड कापता कापता त्यांच्या हातातून कात्री पडली. उचलायला गेले तर बोटं ऐकेनात. पायरीवर थांबलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायला गेले, तर जीभ जड. गिऱ्हाइकानेच रिक्षा थांबवली आणि त्यांना हॉस्पिटलात पोचवलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. शांत, पण प्रश्न एकही सोडायची नाही. तिने छातीची सोनोग्राफी केली आणि बायकोला पडद्यावर दाखवलं. नव्या झडपेवर जंतूंचा एक पुंजका वाढला होता, रक्ताच्या प्रत्येक लोटाबरोबर हेलकावे खात होता. त्यातलाच कण सुटून मेंदूत गेला होता. रक्त तपासलं तर जंतू सापडेनात. "मधे मधे दिलेल्या अर्धवट औषधांनी ते दबले," ती म्हणाली. "दबले म्हणजे गेले नाहीत." तिसऱ्या तपासणीत ते सापडले. तोंडात राहणारेच होते.

शिरेतून औषधं सुरू झाली. पण झडप शिवणीतून उसवायला लागली होती, फुप्फुसांत पाणी भरत होतं. डॉक्टरीण बायकोला बाहेर घेऊन गेली आणि तिने काही लपवलं नाही. ऑपरेशन केलं नाही तर ते जाणार. केलं तरी अशा वेळी दहातली दोन-तीन माणसं टेबलावरून परत येत नाहीत. मेंदूचं दुखणं ताजं आहे, त्याचाही धोका आहे.

मास्तरांना या दिवसांचं फारसं काही आठवत नाही. तोंडावर मास्क, पायाशी बसलेली बायको आणि एकदा काचेपलीकडे उभा असलेला बारक्या, एवढंच. तो आत आला नव्हता. मास्तरांना वाटलं, पोराला बघवत नसेल.

ते वाचले. उसवलेली झडप काढून, आजूबाजूचा सडका भाग खरवडून दुसरी झडप बसवली. त्यानंतर सहा आठवडे औषधं शिरेतून चालू होती. दोन्ही हात सुयांनी काळेनिळे झाले. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र जागी झाली नाहीत. घरी आले तेव्हा बायकोने त्यांना लहान मुलासारखं जपलं. गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून लावल्या. फाइल कपाटात ठेवून कुलूप घातलं. म्हणाली, "कागद बघून उगाच जिवाला घोर." मास्तरांना तेही कौतुकाचंच वाटलं.

तीन महिन्यांनी तपासणी होती. बायकोचा पाय मुरगळला होता, म्हणून मास्तर एकटेच गेले. नेहमीची डॉक्टरीण रजेवर होती, तिच्या जागी नवीन डॉक्टर बसला होता. त्याने कॉम्प्युटरवर कागद चाळले आणि चष्म्यावरून बघितलं.

"काका, चांगले शिकलेले दिसता. खिशात कार्ड घेऊन फिरता. मग दाढ काढताना त्या डॉक्टरला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

"इथे तर उलटं लिहिलंय." त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. "दंतवैद्याच्या नोंदीनुसार रुग्णाने झडपेच्या शस्त्रक्रियेची कल्पना दिली नाही. दवाखान्याच्या केसपेपरची प्रतही जोडलीय."

केसपेपरवरचं अक्षर मास्तरांनी लगेच ओळखलं. त्याच टेबलावर बसून गिरवलेलं अक्षर होतं ते. पण त्यांची नजर खाली सरकली. हॉस्पिटलच्या कागदावर शेवटी एक ओळ होती. 'वरील माहिती वाचून बरोबर असल्याचे सांगणार: पत्नी.' आणि तिच्या पुढे सही. नावातलं शेवटचं अक्षर ती लांब ओढते, तशीच.

"काका, पाणी देऊ का?" डॉक्टरने विचारलं.

घरी पोचायला त्यांना एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागला. बायको खाटेवर पाय लांब करून भाजी निवडत होती. मास्तरांनी चप्पल काढली आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"तू स्टुलावर बसली होतीस," ते म्हणाले. "मी कार्ड काढलं तेव्हा."

तिने मान वर केली नाही, पण हात थांबले. कुठली गोष्ट, कसलं कार्ड, असलं काहीही तिने विचारलं नाही.

"त्याने मला कागद दिला आणि पाया पडला हो," ती म्हणाली. "म्हणाला, ताई, परवाना जाईल, दवाखाना जाईल. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, दाढ कुणी काढली, माहिती दिली होती का. मी तो कागद दिला. त्यांनी लिहिलं. मी सही केली."

"मी आत मरत होतो."

"म्हणूनच केली!" ती एकदम ओरडली. "सगळे म्हणत होते तुम्ही जाणार. तुमच्या पाठीमागे मला कोण होतं? तोच ना? तुम्हीही जायचं आणि त्यालाही घालवून बसायचं? मला वाटलं, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो."

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. पण शब्द सुटला तो सुटला.

"मी गेलो नाही," मास्तर म्हणाले. "घरी येऊन तीन महिने झाले. रोज माझ्या हातावर गोळ्या ठेवत होतीस. एक दिवस सांगता आलं नाही?"

तिने निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बारक्याच्या दवाखान्यात गेले. त्याला ताईचा फोन गेलेला असणार, कारण त्यांना बघताच त्याने दार लावून घेतलं. भाऊजी, बसा, चहा मागवतो, असं सगळं झालं. मास्तर उभेच राहिले.

"कागद नीट कर."

"भाऊजी, आता ते कसं शक्य आहे? झालं गेलं होऊन गेलं. तुम्ही बरे झालात ना? माझीही बायकामुलं आहेत."

"तुझ्या हातून चूक झाली, ती मी त्याच दिवशी पोटात घातली असती. कुणाला बोललो नसतो. चूक तुझी होती आणि तू ती माझ्या नावावर चढवलीस. तीही मी शुद्धीवर नसताना."

"मला वाटलं होतं..." बारक्या बोलता बोलता थांबला.

"काय वाटलं होतं?"

"तुम्ही वाचणार नाही, असं."

मास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पंचवीस वर्षं त्यांनी या पोराच्या खांद्यांचं माप घेतलं होतं. आपण आयुष्यभर कापड बघत आलो, आतला माणूस बघायचा राहूनच गेला, असं त्यांना वाटलं. ते बाहेर पडले.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा एकटेच हॉस्पिटलात गेले. जुनी डॉक्टरीण परत आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणाली, "मास्तर, आधीचं खोडता येत नाही. पण तुमचं म्हणणं खाली लिहिता येतं. दंतवैद्यांच्या मंडळाकडे तक्रारही करता येईल. साक्षीदार आहे का कुणी?"

"आहे," मास्तर म्हणाले. मग कार्डाचा खिसा चाचपत म्हणाले, "पण ती साक्ष देणार नाही."

तिने लिहिलं, 'रुग्ण सांगतो की त्याने दंतवैद्यास पूर्वकल्पना दिली होती.' मास्तरांनी तक्रारही केली. मंडळाचं उत्तर सात महिन्यांनी आलं. कागदोपत्री पुरावा विरुद्ध जातो, सबब तक्रार निकाली. सही केलेला कागद एका बाजूला आणि नुसता जिवंत माणूस दुसऱ्या बाजूला. मास्तरांना त्याचं नवल वाटलं नाही.

दुकान त्यांनी पुन्हा उघडलं. कोट आता होत नाही, बोटं साथ देत नाहीत. पँटी खालून दुमडायच्या, चेन बदलायची, असली कामं करतात. घर चालूच आहे. बायको स्वयंपाक करते, ते जेवतात, मीठ कमी झालं तर सांगतात. गोळ्या मात्र स्वतःच्या हाताने घेतात. पहिल्या दिवशी ती पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली होती. "ठेव तिथे," म्हणाले. तेव्हापासून ती नुसता पेला ठेवते.

एकदा दुपारी बारक्या घरी आला. वर्ष होऊन गेलं होतं. दार मास्तरांनीच उघडलं. तो वाकायला गेला, तसे ते बाजूला झाले. "ताई आत आहे," म्हणाले, आणि पायात चपला सरकवून बाहेर पडले. डॉक्टरीणबाईंनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत चढ आहे. त्या दिवशी त्यांना तीनदा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. घरी जायची त्यांना घाई नव्हती.