रोजची एक बाटली

कार्ड मशीनला टेकवलं की भाभी डोळे गच्च मिटायच्या. मशीन टुँग वाजलं की एक डोळा उघडायच्या, पावती बाहेर आली की दुसरा. "चाललं गो," म्हणायच्या आणि मगच पिशवी उचलायच्या.

शारजात, अल मजाजला, त्या आमच्या समोरच्या दारात राहत. मूळच्या रायगडकडच्या. दिरहमचे रुपये केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. "पाच दिरहमची कोथिंबीर? म्हणजे एकशेवीस रुपये! आमच्या गावी दारात उगवते!" त्यांची लेक कपाळाला हात लावायची. "मम्मा, प्लीज, स्टॉप कन्व्हर्टिंग!" तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी बाई असेलच. हसू येतं, पण तिच्यावाचून बाजारहाट होत नाही.

त्यांचे यजमान, आमचे भाईजान, अबू धाबीच्या मुसफ्फात एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. आठवड्यातून एकदा घरी यायचे. ईदच्या आधी कंपनीने त्यांना सुट्टी दिली. काम कमी आहे, फॅमिलीला फिरवून आण, असं साहेब म्हणाले. भाईजान नाचायचेच बाकी होते. "यल्ला, मालदीवला जाऊ! तुम्ही पण चला!"

भाभींचा चेहरा मात्र पांढरा पडला. "न मागता सुट्टी? कंपनी कधी न मागता काही देते का गो?"

तरी आम्ही गेलो. दोन्ही कुटुंबं. महागड्या रिसॉर्टवर नाही, गावकऱ्यांच्या एका छोट्या बेटावर, साध्या गेस्टहाऊसमध्ये. भाभींनी रोख पैशांच्या झिपवाल्या पिशव्या केल्या होत्या. जेवणाची एक, फिरण्याची एक, आणि परतीच्या बोटीची तिसरी, सेफ्टी पिनने कुर्त्याच्या आत टाचलेली. "आधी परतीचं बाजूला," त्या म्हणायच्या. "मग खा, पोहा, काय ते करा."

पण एक गोष्ट मला कळेना. जवळ एवढी रोख असून भाभी रोज सकाळी धक्क्याजवळच्या दुकानात जाऊन कार्डावर पाण्याची एक बाटली घ्यायच्या. वर स्वतःच कुरकुरायच्या, "तीन डॉलर, म्हणजे अकरा दिरहम, म्हणजे अडीचशेच्या वर रुपये! पाण्याला!"

"अहो भाभी, खोलीत पाणी फुकट आहे की!"

"असू दे."

बाई चक्रम झाली, असं मला वाटलं. एका सकाळी मी मागेच लागले, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघून सांगितलं. "गावच्या घरासाठी इथल्या बँकेचं लोन काढलंय. माणूस काढला की कंपनी आधी बँकेला कळवते. लोन बुडू नये म्हणून बँक खातं अडवते आणि माणसाला सगळ्यात शेवटी समजतं. सगळा पैसा त्या एकाच खात्यात आहे. म्हणून रोज बघून येते, नोकरी आहे की गेली."

दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. समोर तो निळाशार समुद्र, नारळाची झाडं, आणि आम्ही दोघी दुकानाकडे अशा चालायचो, जणू दवाखान्यातून कुणाचा रिपोर्ट आणायला निघालोय. टुँग वाजलं की माझाही श्वास सुटायचा.

निघायच्या आदल्या सकाळी टुँग वाजलं नाही. दुकानदाराने कार्ड शर्टाला पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तो ओशाळून हसला. भाभींनी बाटली उचलून फळीवर परत ठेवली आणि माझं मनगट धरलं.

बाहेर भाईजान लेकीला पोहायला शिकवत होते. फोन त्यांनी पहिल्याच दिवशी बॅगेत टाकून दिला होता. त्यांचं हसणं दुकानापर्यंत ऐकू येत होतं.

"चला, सांगूया त्यांना," मी म्हणाले.

"आज नको. आज पोहू दे. पुन्हा कधी पोहतील, अल्लाला माहीत."

"खोलीचं बिल मी भरते."

"भर. बोटीचे आहेत माझ्याकडे."

दुपारी त्यांनी भाईजानांसाठी मोठा मासा मागवला, भाव न विचारता. भाईजान चकित झाले. "आज ही कन्व्हर्ट करत नाही! ताप-बिप आहे काय?" सगळे हसले. भाभी सगळ्यात जास्त हसल्या.

परतीच्या बोटीत त्यांनी पिन काढली, पैसे चुकते केले आणि भाईजानांच्या कानाशी वाकल्या. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. भाईजानांनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं. मग लेकीला जवळ ओढून घेतलं आणि पाण्याकडे बघत बसले.

थोड्याच दिवसांत त्यांचं सामान कार्गोने गेलं, मग तेही गावी परत गेले. समोरच्या दारात आता दुसऱ्यांच्या चपला असतात. मला त्या दाराकडे बघवत नाही.

परवा आमचे हे ऑफिसातून खुशीत आले. म्हणाले, "अगं, साहेबांनी आपणहून सुट्टी दिली. कुठे जायचं बोल."

तेव्हापासून मी रोज सकाळी खालच्या ग्रोसरीत जाते, पाण्याची एक बाटली घेते आणि कार्ड टेकवून डोळे गच्च मिटते. आमच्याकडे पाण्याचे मोठे कॅन घरपोच येतात. तरी ओट्यावर बाटल्यांची रांग लागली आहे. हे विचारतात, "एवढं पाणी कशाला आणतेस?"

मी म्हणते, "असू दे."