उपाशी बटण

आजूबाजूचे सगळे त्यांना शिवणवाल्या मावशी म्हणत. नवरा गेल्यावर मावशींच्या दोन खोल्यांत शिलाई मशीन आणि बटण एवढंच उरलं. बटण म्हणजे त्यांचा मूठभर जिवाचा म्हातारा कुत्रा. मुलगी दूरदेशी, फोन करायची, पण घाईघाईत.

बटणचे दात किडले आणि त्याने चावून खाणं टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भूल देऊन दात काढावे लागतील. पोटात अन्न असलं तर भुलीत उलटी होऊन छातीत जाऊ शकते, म्हणून रात्रीच्या खाण्यानंतर काही द्यायचं नाही. एवढ्याशा जिवाला फार वेळ उपाशीही ठेवू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. पण मावशींच्या डोक्यात ती उलटीच रुतून बसली. उगाच धोका नको म्हणून त्यांनी आदल्या दुपारपासूनच वाटी उचलून ठेवली. तो रिकाम्या जागेशी जाऊन बसला की त्या पाठ फिरवून मशीन चालवत. त्याच्यासमोर आपण कसं जेवायचं, म्हणून स्वतःसाठीही काही रांधलं नाही.

सकाळी दवाखान्यात तो थरथरू लागला. भेदरला असेल, असं समजून मावशींनी त्याला शालीत गुंडाळलं. खाली ठेवल्यावर मात्र त्याचे पाय लटपटले, मान कलंडली. डॉक्टरीणबाईंनी कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासला. साखर पार खाली गेली होती. त्यांनी त्याच्या हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं, पायाला सलाईन लावलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडून मावशींकडे पाहिलं.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

"शंका होती तर कुणाला तरी विचारायचं होतंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"कुणाला विचारणार?" मावशी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याचा नंबर स्वतःच त्यांच्या फोनमध्ये घालून दिला.

पुढच्या आठवड्यात, सांगितल्याप्रमाणे झोपताना थोडं मऊ खाणं देऊन, मावशींनी त्याला पुन्हा नेलं. दात निघाले, साखरही जागेवर राहिली. संध्याकाळी बोळका बटण घरी घोरत पडला, तेव्हा मावशींनी मुलीला फोन लावला. ती कामात होती. नंतर करते म्हणाली.

मावशींनी फोनमधला दवाखान्याचा नंबर शोधून काढला. मग त्यांनी दवाखान्यात फोन करून विचारलं, बटणला आता खायला काय द्यायचं? निघताना त्यांना ते समजावलं होतं, नीट कळलंही होतं. फोन घेणाऱ्या बाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मावशी मध्ये एक शब्द न बोलता शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.