हात बंद, तोंड चालू

समोरच्या घरातले आबा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. आमच्या गौलीगुडा मोहल्ल्यात येणाऱ्याजाणाऱ्याला ही बैठक विचित्र वाटे. कुणी विचारलं तर म्हणत, "मॅडमचा हुकूम आहे. हात बंद, तोंड चालू!"

तोंड तर त्यांचं आधीपासूनच चालू होतं. अफझलगंजातल्या सुतळीच्या दुकानात गिऱ्हाइकांशी तीन भाषांत भांडण्यात त्यांची हयात गेली होती.

हात बंद केले ते बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या दिलसुखनगरच्या मॅडमनी. आबांची नात रेणू जन्मतः बहिरी. चार वर्षांची झाल्यावर ऑपरेशन करून तिच्या कानात यंत्र बसवलं. आता आवाज येत होता, पण ऐकून बोलायला शिकवायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "खुणा केल्यात तर ती कानांकडे लक्षच देणार नाही."

पंचाईत अशी, की त्या घरात रेणूशी खऱ्या गप्पा मारणारे एकटे आबाच, आणि त्याही हातांनी. ऑपरेशनआधी ओट्यावर दोघांचं तासन् तास चाले. नाक मुरडलं की आई रागावली आहे. घट्ट आवळलेली मूठ म्हणजे मी. का, ते तुम्हीच ओळखा. मला कळलं तेव्हा मी काही दिवस आबांशी अबोला धरला होता.

ते सगळं थांबलं. रेणू अंगठा ओठांना लावून पाणी मागे, आणि आबा मान फिरवत. "तोंडानं माग, बाळ. पा-णी." ती रडे, मांडीखालचे हात ओढून काढायला बघे. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, द्या की हो घोटभर!"

"नक्को भाऊ. मी आज आहे, उद्या नाही. माझ्यामागं हिचे हात कोण समजून घेणार? जबान आली पाहिजे." डोळे वाहत होते, पण पुसायलाही त्यांनी हात काढला नाही. मला त्यांचा रागही आला आणि दयाही.

हळूहळू चार शब्द आले. "आबा" त्यातलाच, पण बऱ्याचदा त्याचं "आआ" होई. "आआ"ला ते ओ देत नसत.

मागच्या उन्हाळ्यात आबा दुपारच्या झोपेतच गेले. माणसं जमली. रेणूला कसं सांगायचं, कुणाला सुचेना. आई तिच्या कानाशी वाकून बोलत राहिली, पण मरणाचा शब्द तिला कुणी शिकवलाच नव्हता.

रेणू आबांच्या उशाशी जाऊन बसली. "आआ," तिनं हाक मारली. थांबली. मग ओठ नीट मिटून, "आ-बा." अगदी स्वच्छ. तरी ओ आली नाही. आपलंच चुकतंय असं वाटून ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, दर वेळी आधीपेक्षा स्वच्छ. तिचं काही चुकलेलं नाही, हे सांगायची खूण आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती.